आहारगणनेसाठी ‘इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स 2017’
पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची ही कोष्टके पहिल्या सत्रापासूनच हाताशी ठेवावीत. 528 खाद्यपदार्थ, देशाच्या सहा विभागांतले नमुने. परदेशी ॲपपेक्षा कितीतरी भरवशाची.

ऊर्जा मात्र किलोज्यूलमध्ये आहे. किलोकॅलरीसाठी 4.184 ने भागा: पॉलिश केलेला तांदूळ 1491, म्हणजे 356. आकडे 100 ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे आणि बहुतेक कच्च्या पदार्थांचे, आणि प्रात्यक्षिकाची वही चुकते ती इथेच. 150 ग्रॅम भात तांदूळ म्हणून मांडला की 534 किलोकॅलरी येतात. शिजून वजन तिप्पट झालं असेल, तर तांदूळ 50 ग्रॅमच, म्हणजे 178. म्हणून आधी कोरडा तांदूळ तोला, मग सगळा भात, भांड्याचं वजन वजा करून; वजन किती पट झालं ते कळेल. केळं सोलूनच तोला. शिजवलेल्या पाककृतींची मूल्यं यात जवळजवळ नाहीतच, ही उणीव खरोखर जाणवते.