डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी हार्ड डिस्क, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी : वापरानंतरचा अनुभव

मालवणात माझं लग्न-साखरपुड्याच्या फोटोंचं काम आहे. लॅपटॉप जुना, आत १ टीबीची ५४०० आरपीएम (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) हार्ड डिस्क. उन्हाळ्यात ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क; साटा ही तिच्या जोडणीची जात) घेतली, हार्ड डिस्कही आतच ठेवली. आता तुळशीची लग्नं लागली, सीझन सुरू झाला, म्हणून लिहितोय.

डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी, म्हणजे दुसरी डिस्क धरणारी चौकट, बसते. ‘सगळ्या लॅपटॉपांना चालते’ असं कोणी म्हटलं तरी त्यावर जाऊ नका, कॅडी ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडींत येते, आपला ड्राइव्ह काढून मोजा. खरं काम आमच्याकडे स्क्रूंचं. खाऱ्या वाऱ्याने तळाचे स्क्रू तांबडे झालेले. रिपेअरवाल्याने एकेकावर तेलाचा थेंब सोडला आणि मला दटावलं, “जोर काढू नको रे, आटे जातले.” उघडलाच होता म्हणून पंख्यातली चिकट धूळही काढून घेतली.

कॅडीत एसएसडी नव्हे, हार्ड डिस्क घाला. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत डीव्हीडीची जोडणी सेकंदाला ३ गिगाबिटची असते, मुख्य जागेची ६ गिगाबिटची. साटा एसएसडी सेकंदाला ५५०च्या आसपास एमबी वाचते, ती ३ गिगाबिटवर निम्म्यावर येते. हार्ड डिस्कची धाव शंभरेक एमबीची, तिला काय फरक पडतो! विंडोज नव्याने टाकताना मात्र हार्ड डिस्क काढून ठेवा. नाहीतर बूटच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या) फाइली तिच्यावर जाऊन बसू शकतात, मग ती काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही.

माझी बॅटरी दमलेली, लाईट गेली की लॅपटॉप बंद. पूर्वी तो पुन्हा सुरू होऊन लाइटरूम (फोटो निवडायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत समोरचं गिऱ्हाईक मोबाईलमध्ये बुडालेलं असायचं. आता लॉगिन स्क्रीन काही सेकंदांत येते. लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) आणि प्रीव्ह्यू एसएसडीवर, रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली) हार्ड डिस्कवर. नवरीचे शंभर फोटो भराभर पुढे सरकवताना फरक कळतो. एक्स्पोर्टला मात्र वेळ जवळपास तेवढाच, ते प्रोसेसरचं काम. कार्डावरचे फोटो हार्ड डिस्कवर उतरवणंही जुन्याच चालीने.

खटकणारं एकच. हार्ड डिस्क वापरात नसली की विंडोज तिला झोपवतं. मग डी ड्राइव्ह उघडला की आधी घुर्रऽऽ, मग फोल्डर. पॉवर सेटिंगमध्ये ती वेळ वाढवता येते, पण मी तसंच ठेवलंय. तेवढीच विजेची बचत.

आणि हो, दोन डिस्क झाल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही. लॅपटॉप पाण्यात गेला तर दोन्ही जातील, आणि एसएसडी बरेचदा काही न कुरकुरता एकदम बंद पडते. लग्नाच्या फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असतेच. अजून डीव्हीडी मागणारे काका-मामा आहेत, त्यांच्यासाठी यूएसबी रायटर घ्यावा लागला; तो खर्च आधीच हिशेबात धरा.