कातेकरसाठी बघा, सरताजसाठी वाचा

‘सॅक्रेड गेम्स’ लावायच्या आधी ऑडिओ हिंदीवर आहे ना, एवढं एकदा तपासा. नेटफ्लिक्सवर इंग्रजी डबिंगही आहे आणि घरातल्या कुणी आधी इंग्रजी काही बघितलेलं असेल तर कधीकधी मालिका थेट इंग्रजीतच सुरू होते. इंग्रजीत ती बघितली तर अर्धी हातातून गेली म्हणून समजा. या मालिकेची खरी कमाई माणसांच्या तोंडच्या भाषेत आहे, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रेक्षकाला ती कुणी समजावून सांगावी लागत नाही.

विक्रम चंद्रा यांची मूळ इंग्रजी कादंबरी २००६ साली आली. नऊशेच्या आसपास पानं. तिचा नायक सरताज सिंग हा मुंबई पोलिसांतला शीख इन्स्पेक्टर त्याआधी त्यांच्याच १९९७ च्या कथासंग्रहात भेटून गेला होता. मालिकेचा पहिला सीझन ६ जुलै २०१८ ला आला, दुसरा १५ ऑगस्ट २०१९ ला. प्रत्येकी आठ भाग. नेटफ्लिक्सची ही भारतातली पहिली स्वतःची मालिका. पहिल्या सीझनचं दिग्दर्शन विक्रमादित्य मोटवाने आणि अनुराग कश्यप यांचं, दुसऱ्यात मोटवानेंच्या जागी नीरज घायवान.

सुरुवात दोन्हीकडे एकच: उंच इमारतीच्या खिडकीतून खाली फेकलेलं पांढरं पामेरियन कुत्रं. मग फरारी गुंड गणेश गायतोंडे सरताजला गाठतो, बोलत राहतो आणि स्वतःला संपवतो. त्यानंतर मेलेला गायतोंडे आपली गोष्ट सांगतो आणि जिवंत सरताज तिचा माग काढतो. हे दोन धागे आलटून पालटून येतात. पहिले दोन भाग नीट लक्ष देऊन बघा. मध्येच फोनवर बोलत बसलात तर आपण १९८० च्या मुंबईत आहोत की आजच्या, हे कळेनासं होतं.

आता भाषेचं. आपल्याकडे गिऱ्हाईक भाव मराठीत विचारतं, दुकानदार शेजारच्याकडे सुटे कानडीत मागतो आणि बाहेर रिक्षावाल्याशी हिंदीत घासाघीस होते. कचेरीतला कागद कानडी, बोलणं मराठी. कुणापुढं कोणती भाषा काढायची, कुठं ती दाबून धरायची, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. सरताज आणि हवालदार कातेकर यांच्या जोडीत नेमकं हेच चालतं. वरिष्ठांपुढं कातेकरची हिंदी जपून पडते. गाडीत दोघंच असले की ती सैल होते आणि मधूनच मराठी डोकावते. घरी बायकोशी, शालिनीशी बोलताना तो पुरता मराठी होतो. त्याची मराठी मुंबईची आहे. ‘काय करूलास’ म्हणणाऱ्या कानाला ती वेगळी वाटेल, खरं भाषा बदलली की माणसाचे खांदे कसे बदलतात ते आपल्याला लगेच दिसतं. जितेंद्र जोशीनं हे काम इतकं बारकाईनं केलंय की सीझन संपल्यावर बहुतेकांच्या तोंडी सरताजच्या आधी कातेकरचं नाव येतं. शालिनीचं काम करणारी नेहा शितोळे तितकीच नेमकी आहे. नवरा-बायकोच्या त्या छोट्या खोलीतल्या प्रसंगांत एकही वाक्य लिहून पाठ केल्यासारखं वाटत नाही.

कादंबरीला हे जमण्यासारखं नव्हतं. चंद्रांची इंग्रजी मुंबईच्या शब्दांनी भरलेली आहे आणि ते शब्द अर्थ न सांगता तसेच येतात, ही त्यांची हिंमत. तरी शेवटी सगळी माणसं एकाच भाषेच्या कागदावर बोलतात. मालिकेनं प्रत्येकाला त्याचं तोंड दिलं. वरुण ग्रोवर, स्मिता सिंह आणि वसंत नाथ या लेखकांचं हे श्रेय आहे.

एक धागा मुद्दाम लक्ष ठेवून बघा. एक गरीब मुसलमान बाई मुलगा हरवला म्हणून पोलीस ठाण्यात पुन्हा पुन्हा येते. कातेकर तिला बांगलादेशी म्हणून हिणवतो, वाटेला लावतो. दिग्दर्शक इथं संगीत चढवत नाही, कुणाकडून भाषण करवून घेत नाही. प्रेमळ बाप, इमानी हवालदार, ज्याच्यावर आपला जीव जडलाय, तोच माणूस समोरच्या बाईला तिची जागा दाखवतोय, एवढंच दिसतं. पुढं ते त्याला आतून टोचायला लागतं. ‘तू इथला नाहीस’ हे वाक्य ज्या भागात तीन-तीन भाषांतून ऐकू येतं, तिथल्या प्रेक्षकाला हा धागा मुख्य कटापेक्षा जड वाटला तर त्यात नवल नाही.

(यापुढं शेवटापर्यंतच्या गोष्टी उघड केल्या आहेत. बघायची बाकी असेल तर शेवटच्या दोन परिच्छेदांवर जा.)

कातेकर दोन्हीकडे मरतो. मालिकेत मोठ्या कटातला माल्कम हा थंड मारेकरी त्याला मारतो. कादंबरीत एका बांगलादेशी पोराच्या खुनाचा तपास चालू असतो आणि वस्तीत आरोपी पकडताना कातेकर जातो. कादंबरीतला मृत्यू जास्त खरा आहे. पोलीस शिपाई रोजच्या कामात मरतो, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि मोठ्या कटाशी त्याचा काही संबंध नसतो. मालिकेनं प्रत्येक मृत्यू मुख्य दोरीला बांधला. त्यानं वेग वाढला आणि ठाण्याचा वास गेला.

ते कुत्रंच घ्या. कादंबरीत ते फेकणारा वैमानिक आणि त्याची हवाईसुंदरी बायको कमला पांडे ही पुढं चालणारी माणसं आहेत. कमलाला कुणीतरी ब्लॅकमेल करतंय आणि ती सरताजकडे येते. बॉम्ब, हेरखातं, पाकिस्तान असं सगळं गरगरत असताना सरताज शांतपणे हे प्रकरण सोडवत बसतो. मालिकेत कुत्रं पडतं आणि विषय संपतो. कादंबरीतलं पहिलंच प्रकरण पोलिसाच्या एका दिवसावर आहे. हप्ते, चहा, तक्रारी, किरकोळ मारहाण, सगळं त्यात आहे. गुन्हेकथेत तपास बघायला आवडणाऱ्यांनी पुस्तक धरावं ते या पानांसाठी. मालिकेतला सरताज, म्हणजे सैफ अली खान, दमलेला आणि अपराधी छान दिसतो, पण त्याला तपास करायला सवडच मिळत नाही. पंचवीस दिवसांत शहर संपणार, हे घड्याळ त्याच्या मागं लागलंय. ते घड्याळ मालिकेनं घातलं आणि पहिल्या सीझनला त्यानं उत्तम ओढ दिली. दुसऱ्या सीझनमध्ये तेच गळ्यात अडकलं: शहर उडायला थोडे दिवस उरलेत आणि आपण आश्रमात गुरुजींचं प्रवचन ऐकतोय, नाहीतर गायतोंडेबरोबर मोंबासात बसलोय.

दुसऱ्या सीझनबद्दल प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. पंकज त्रिपाठींचे गुरुजी हा त्याचा कणा आहे, असं एका बाजूचं म्हणणं. आमचं मत दुसऱ्या बाजूचं. त्रिपाठींच्या कामात खोट नाही. हळू आवाजात ते अंगावर काटा आणतात. अडचण लिखाणात आहे. कलियुग संपवून सतयुग आणायचं हा गुरुजींचा बेत एकदा कळला की पुढच्या भागांत तो तेवढाच राहतो, नवं काही उलगडत नाही. गोची नावाची ती लाल गोळी आली की माणसं आपल्या स्वभावानं वागायची थांबतात आणि कथेला हवी तशी वागायला लागतात. तिथं गुन्हेकथा पातळ होते. तिसऱ्या भागाशी दम तुटला तरी एकदम सोडू नका. अमृता सुभाषसाठी पुढं जा. कादंबरीत के. डी. यादव हा हेरखात्यातला पुरुष अधिकारी आहे. मालिकेनं त्याची कुसुमदेवी यादव केली, आणि रूपांतरातल्या सगळ्या बदलांत हा सगळ्यात यशस्वी. गायतोंडेसारख्या माणसाला ही बाई आवाज न चढवता हाताखाली ठेवते. गायतोंडे झालेल्या नवाझुद्दीन सिद्दिकींसमोर कुणी इतकं स्थिर उभं राहिलेलं या सोळा भागांत दुसरं दिसत नाही.

अंजली माथुरच्या बाबतीत मात्र घाई झाली. राधिका आपटेची ही हेर पहिल्या सीझनमध्येच मारली जाते. कादंबरीत ती शेवटपर्यंत आहे आणि बुद्धीचं काम तीच करते.

भागांची नावं सोडून देऊ नका, त्यांत बरंच भरलंय. अश्वत्थामा, हलाहल, ब्रह्महत्या, ययाती ही ओळखीची. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागाचं नाव ‘आतापी वातापी’. वातापी म्हणजे आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली बदामी, चालुक्यांची राजधानी. बोकड होऊन पाहुण्याच्या ताटात पडलेला वातापी राक्षस, पोट फाडून बाहेर ये म्हणून हाक मारणारा त्याचा भाऊ, आणि तो बाहेर यायच्या आत पचवून टाकणारे अगस्ती. तिथल्या तळ्याला आजही अगस्त्यांचंच नाव आहे. सहलीला जाऊन आलेल्या पोरालाही ही कथा ठाऊक असते. ती आठवून तो भाग बघितला की कोण कुणाला जेवू घालतोय आणि कोण कुणाच्या पोटात बसलाय, याकडे आपोआप लक्ष जातं.

शेवटच्या भागाचं नाव ‘रॅडक्लिफ’. १९४७ ला फाळणीची रेघ ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते. कादंबरीत सरताजच्या आईचं बालपण आणि फाळणीत हरवलेली तिची बहीण यांना एक वेगळं, सावकाश प्रकरण दिलंय. ते मुख्य गोष्टीच्या बाहेर उभं असल्यासारखं वाटतं आणि वाचून झाल्यावर सगळं पुस्तक त्याच्यावरच उभं आहे असं लक्षात येतं. मालिकेनं ते शेवटच्या तासात कोंबलं. कागदावरच्या रेघेनं एका घरातली माणसं दोन बाजूंना पडली की पुढच्या पिढ्यांत काय साचत जातं, हा विषय १ नोव्हेंबर १९५६, म्हणजे बेळगाव भाग म्हैसूर राज्यात गेला तो दिवस, अजून बोलण्यात असलेल्या गावांना सांगून कळणारा नाही, तो त्यांना आधीच ठाऊक आहे. म्हणूनच इथं घाई केल्याची चुटपुट जास्त लागते. आणि तो शेवट! बॉम्बसमोर सरताज, पॅटर्नची एकेक खूण, आणि काय झालं ते न सांगताच पडदा. कादंबरीत बॉम्ब सापडतो, शहर वाचतं, वाचल्याचं शहराला कळतही नाही आणि सरताज परत कामाला लागतो. तो शेवट जास्त धाडसी होता. तो टाळायला नको होता.

बघण्याची व्यवस्था. मालिका प्रौढांसाठी आहे. शिव्या, नग्नता, रक्त पहिल्या भागापासून आहे, त्यामुळं सोप्यात सगळ्यांसोबत लावू नका आणि म्युट करून भागेल असं समजू नका. नेटफ्लिक्सच्या अकाउंटमध्ये मुलांच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा आणि तुमच्या प्रोफाइलला पिन, दोन्ही लावा. एकच लावलं तर पोरं दुसऱ्या प्रोफाइलमधून शिरतात. संवाद बऱ्याच ठिकाणी पुटपुटल्यासारखे आहेत. टीव्हीच्या स्पीकरवर आवाज वाढवला की गोळीबार घर हादरवतो आणि बोलणं तरी कळत नाही, तेव्हा हेडफोन लावा किंवा सबटायटल चालू ठेवा. आलोकनंदा दासगुप्ता यांचं संगीतही हेडफोनवरच पुरतं कानी पडतं. वीज किंवा नेट दगा देणाऱ्या गावात रात्रीच दोन-दोन भाग फोनवर उतरवून ठेवा. भाग साधारण पाऊण ते एक तासाचा आहे. एका बैठकीत दोनाच्या वर बघू नका, नावं आणि साल एकमेकांत मिसळतात.

पुस्तक वाचनालयातून आणलंत तर पंधरा दिवसांच्या मुदतीत होणार नाही, मुदत वाढवून घ्यायच्या तयारीनंच आणा. गायतोंडेची प्रकरणं त्याच्या नावानं सुरू होतात, ती बघितलेल्या मालिकेमुळं भरभर जातील. सरताजची सावकाश वाचा. क्रम असा ठेवा: पहिला सीझन, मग पुस्तक, मग दुसरा सीझन. उलट केलंत तर दुसऱ्या सीझनचा राग पुस्तकावर निघेल.