मास इफेक्ट लेजंडरी एडिशन, पाच महिन्यांनी: ईडीचा आवाज, हेरा आणि तो हिरवा शेवट

मास इफेक्ट म्हणजे अंतराळातल्या गोष्टीचे तीन गेम, लेजंडरी एडिशनमध्ये तिन्ही एकत्र. आधीच सांगतो, शेवट फोडणार आहे, गेमचा पण आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका या टीव्ही मालिकेचा पण. ज्यांचं यातलं एक जरी बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरा. ग्राफिक्स, फ्रेमरेट, पहिल्या भागातली ती माको गाडी यावर काही लिहीत नाही, 2021 ची एडिशन आहे, सगळ्यांना सगळं माहीत आहे. सेलमध्ये घेतली, मूळ किमतीच्या पावपटीपेक्षा कमीत तीन गेम पडले. 120 जीबी उतरवायला बेळगावात, टिळकवाडीत, तीन रात्री गेल्या, कारण जूनचा पाऊस आणि लाईटचा खेळ. पैसे वसूल झाले, त्यात वादच नाही. तरी शेवटच्या दहा मिनिटांनी जे डोकं धरलंय ते अजून सुटलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

झालं असं की तिसरा गेम जवळजवळ संपत आला होता, फक्त लंडनची शेवटची लढाई राहिली होती, आणि लॅपटॉप गेला. चार्जर लावला तरी मेलेला. सर्व्हिस सेंटरला दिला तर चार दिवसांनी फोन, मदरबोर्ड बदलावा लागेल, 22 हजार. मी म्हटलं आधी उघडून दाखवा काय जळलंय ते, तर तसं दाखवत नाहीत म्हणे. तीन आठवडे तिथे पडून राहिला, दोनदा भांडलो, शेवटी तसाच उचलून आणला. शहापूरच्या एका बोळात एक पोरगा भिंग लावून बसतो, त्याने माझ्यासमोर बोर्ड उघडला, चार्जिंगची आयसी दाखवली, काळं पडलेलं टोक बोटभर अंतरावरून मला पण दिसलं. 1,800 रुपयात काम झालं. एसएसडी शाबूत, सेव्ह शाबूत. दुसऱ्या दिवशी त्याला अर्धा किलो कुंदा नेऊन दिला.

पण त्या तीन आठवड्यांत करायचं काय, म्हणून गॅलॅक्टिका परत पहिल्यापासून टीव्हीवर लावली, आणि आई शेजारी बसायला लागली. आई मूळची धारवाडची, माहेर कन्नड, लग्न होऊन बेळगावात आली तेव्हा मराठी येत नव्हती. इंग्रजी तर तिला थोडंच कळतं, पण माणसं ओळखायला पक्की. लाल झग्यातली ती सायलॉन बाई, म्हणजे माणसासारखं दिसणारं यंत्र, नंबर सिक्स, शास्त्रज्ञ बाल्टारच्या डोक्यात येऊन बोलते ना, आई तिच्यावर जाम चिडायची.

लॅपटॉप आला, गेम चालू केला, आपल्या नॉर्मंडी जहाजाच्या कॉकपिटमध्ये पायलट जोकरच्या बाजूच्या खुर्चीत ईडी, म्हणजे जहाजाची एआय, काहीतरी बोलत होती आणि आतून आई म्हणाली, "ती लाल झग्यातली परत आली की काय?" मी हसलो, मग बसल्या बसल्या शोधलं तर खरंच. ईडीला आवाज ट्रिशिया हेल्फरचा, नंबर सिक्सचं काम करणारी तीच. पाच महिने तो आवाज कानात होता आणि माझ्या लक्षात आलं नाही, आईला एका वाक्यात कळलं. आणि सिटाडेल या अंतराळस्थानकावरचा पोलीस अधिकारी बेली आहे ना, तो मायकल होगन, म्हणजे गॅलॅक्टिकातला कर्नल टाय. त्या रात्रीपासून मी गेम खेळत नव्हतो, गेमने मालिकेतून काय काय उचललंय त्याचे पुरावे गोळा करत होतो.

क्वारियन लोकांनी गेथ यंत्रं बनवली, ती उलटली, आणि क्वारियन घरदार सोडून जहाजांच्या ताफ्यात फिरतायत. तिकडे माणसांनी सायलॉन बनवले, ते उलटले, आणि सुमारे 50 हजार माणसं जहाजांच्या ताफ्यात फिरतायत. गेममध्ये दर 50 हजार वर्षांनी रीपर ही अवाढव्य यंत्रं येऊन सगळं कापून नेतात, मालिकेत हे सगळं आधी घडलंय आणि पुन्हा घडणार हे घोकलं जातं. शेवटी गेमचा नायक शेपर्ड याच्यासमोर कॅटॅलिस्ट, म्हणजे रीपरांना चालवणारी बुद्धी, येतो तो लहान मुलाचं रूप घेऊन, तिकडे देवाचा निरोप सांगायला नंबर सिक्सचं रूप. इकडे नॉर्मंडी एका हिरव्यागार ग्रहावर आदळते, तिकडे दमलेला ताफा हिरव्यागार पृथ्वीवर उतरतो. आणि अगदी शेवटी दोन्हीकडे खूप काळ उलटून गेल्यावर दोघं जण बोलत असतात. मालिकेत दीड लाख वर्षांनंतरच्या न्यूयॉर्कमध्ये ते दोन देवदूत, गेममध्ये एक म्हातारा आणि एक मूल, त्या म्हाताऱ्याचा आवाज चक्क चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनचा. मालिका संपली मार्च 2009 ला, तिसरा गेम आला मार्च 2012 ला. मी म्हटलं, झालं, उचललंय सरळ.

त्याच रागात पहिला रिव्ह्यू लिहिला होता, दोन स्टार देऊन. तो काढून टाकला. कारण नंतर नीट विचार केला तर हे दोघांच्याही आधीचं आहे. रोबॉट हा शब्दच ज्या नाटकातून आला ते कारेल चापेकचं आर.यू.आर., 1920 चं, त्यात बनवलेले कामगार मालकांवर उलटतात, माणूस संपतो, आणि शेवटी दोन रोबॉटना आदम आणि ईव्ह म्हणून जगात पाठवलं जातं. गेमला निवडायचे रंगीत शेवट आहेत, हिरव्यात माणूस आणि यंत्र एक होतात, लालात यंत्रं मरतात. मग हिरव्या शेवटात जोकर आणि ईडी एकमेकांना धरून त्या जंगलाकडे बघतात ते काय, आणि मालिकेतली लहान पोर हेरा ही आपल्या सगळ्यांची आदिमाता निघते ते काय, दोन्ही त्याच झाडाचे फाटे. म्हणजे चोरीचा आरोप मी मागे घेतो. माझं भांडण आता वेगळंच आहे.

हेरा बघा. अर्धी माणूस, अर्धी सायलॉन. जन्माला येऊ द्यायची की नाही यावरच भांडण, मग मेली म्हणून सांगून आईपासून तोडली, दुसरीच्या मांडीवर दिली, मग पळवली, मग अख्खं जहाज पणाला लावून परत आणली. दोन जमाती एक होणार असतील तर ते इतकं महाग पडतं, आणि ते आपण सीझनमागून सीझन बघतो. गेममध्ये तेच काम एका हिरव्या झोतात उडी मारून होतं. शेपर्ड उडी मारतो आणि अख्ख्या आकाशगंगेत माणूस, यंत्र, झाडाची पानं, सगळ्यांत हिरव्या रेघा. मी तो शेवट आधी निवडला, आई बघत होती. तिने विचारलं, "हे सगळे हिरवे झाले, त्यांना कुणी विचारलं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरात आजी भाकरी मोजताना ओंदु, एरडु, मूरु म्हणायला लागली ती आई येऊन किती वर्षांनी, आणि आई रागावली की आजही आधी कन्नड बाहेर येतं आणि मग मराठी. बाहेर रस्त्यावर मराठी-कन्नड पाट्यांवरून काय काय झालं ते बेळगावकराला सांगायची गरज नाही. आमच्या स्वयंपाकघरात दोन भाषा एकत्र आल्या त्या रोजच्या बोलण्यातून, रुसण्यातून. म्हणून तो हिरवा झोत मला खोटा वाटतो, मनापासून खोटा वाटतो.

आणि राग याचा की ह्याच गेमला हे जमलेलं आहे. क्वारियनांचा मूळ ग्रह रॅनॉक आठवा. दुसऱ्या गेमपासून आपल्या टीममधली क्वारियन टाली आणि गेथ लीजन दोघांचंही नीट ऐकलं असेल तरच गेथ आणि क्वारियन यांच्यात तह होतो. लीजन आयुष्यभर स्वतःला 'आम्ही' म्हणत आलेला, शेवटच्या क्षणी 'मी' म्हणतो, आणि टाली त्याला त्याच्या जुन्या प्रश्नाचं, यंत्राला आत्मा असतो का याचं, उत्तर देते. माझे डोळे भरले होते तिथे. कॅटॅलिस्ट म्हणतो यंत्र आणि त्याला बनवणारा कधी एकत्र नांदणार नाहीत, आणि मी काही तासांपूर्वीच त्यांना एकत्र नांदवून आलोय! तेवढं त्याला तोंडावर सांगायचा पर्याय पाहिजे होता. एक्स्टेंडेड कटने, म्हणजे शेवट वाढवणाऱ्या नंतरच्या अपडेटने, जो या एडिशनमध्ये आधीच घातलेला आहे, नकार द्यायची सोय दिली, पण नकार दिला की सगळे मरतात. ते काही उत्तर नाही.

दुसऱ्यांदा लाल निवडला, रीपर गेले, पण गेथ पण गेले आणि ईडी पण. आईला सांगितलं नाही.

साडेतीन स्टार. सेल आला की घ्या, पूर्ण किमतीला नको. दुसऱ्या गेममध्ये टाली आणि लीजनची मिशन चुकवू नका, नाहीतर रॅनॉकवर तह मिळणार नाही. आणि लंडनच्या आधी वेगळा सेव्ह करून पेनड्राइव्हवर कॉपी मारून ठेवा, लॅपटॉपचा भरवसा नाही. माझा तो सेव्ह ठेवलेला आहे, ईडी अजून जोकरच्या बाजूच्या खुर्चीत बसलेली आहे.