घरच्या कारमागे ट्रेलर, छतावर नाव, की पिकअप-ट्रॅक्टर?

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर किंवा इटियाडोह धरणाला नाव (होडी) न्यायची म्हटली की सगळे आधी कारच्या इंजिनाचं विचारतात. ओढायला साधी पेट्रोल कारही पुरते. खरी अडचण येते ती मागचं वजन थांबवताना आणि काठाजवळच्या शेवटच्या दोनशे पावलांत. निवड करायची ती या दोन गोष्टी बघून.

आधी वजन मांडा. बारा फुटी, सपाट बुडाची ॲल्युमिनियमची नाव साधारण ७० ते ८० किलो भरते, तेवढीच फायबरची १२० च्या पुढे जाते. पाच-सहा हॉर्सपॉवरचं इंजिन २५ किलो, १० लिटर पेट्रोल साडेसात किलो, वल्ही, जॅकेट, दोर मिळून पंधरा-वीस. हलका ट्रेलर स्वतःच दीडशे किलोचा. म्हणजे हलक्यात हलका विचार केला तरी कारमागे पावणेतीनशे किलो. घरून निघण्याआधी नावेच्या बुडाचं बूच काढून ठेवा, म्हणजे आत पाणी साचणार नाही. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद बुडात ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर दीडशे किलो वाढतात, आणि ते पाणी ब्रेक लावला की पुढे धावतं.

कारमागे ट्रेलर

वर्षातून दहा-बारा वेळा नाव काढणार असाल आणि काठ मुरमाचा असेल, तर हाच मार्ग सोयीचा. मात्र गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढायला मनाई असेल तर विषय तिथेच संपला. परवानगी असेल आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर भरलेल्या ट्रेलरचं वजन पुस्तिकेतल्या आकड्याच्या आत आणि रिकाम्या कारच्या निम्म्याहून कमी ठेवा. कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची नोंदणी आणि विमा वेगळा. जोडणीचा गोळा, म्हणजे कारमागचा ज्यावर ट्रेलर अडकतो तो, चेसिसला बोल्टने बसवलेला हवा, बंपरला वेल्डिंग केलेला चालत नाही. कारसोबत मिळणारा ओढायचा हूक बंद पडलेली गाडी हलवण्यापुरता असतो, त्यात ट्रेलर अडकवू नका.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढच्या टोकावरचं वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार गोळ्यावर यायला हवा, म्हणजे २७५ किलोला १९ ते २७ किलो. कापूस मोजायचा ताणकाटा टोकाला लावून, गोळ्याच्या उंचीपर्यंत उचलला की आकडा कळतो. भार कमी पडला, म्हणजे मागे इंजिन जड झालं, तर ५०-६० च्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक लावू नका. स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. थांबल्यावर सामान पुढे सरकवा. आपल्याकडच्या उखडलेल्या रस्त्यांना ४० चा वेग बरा. स्पीडब्रेकरला तर चालण्याच्या गतीनेच जा.

नावेच्या टोकाचा दोर तिला पुढे-मागे सरकू देत नाही, पण उसळण्यापासून वाचवत नाही. मागून दोन पट्टे आडवे आवळा. सुरक्षा-साखळ्या जोडणीखाली एकमेकींवरून तिरप्या लावा, म्हणजे गोळा सुटला तरी टोक जमिनीत रुतत नाही. पाच किलोमीटरवर थांबून चाकांच्या मधल्या भागाला हात लावून बघा: कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जातंय.

गरम चाक लगेच पाण्यात घालणं ही मोठी चूक. आतली हवा एकदम आकसते, सीलमधून पाणी आत ओढलं जातं, ग्रीस दुधाळ होतं आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत बेअरिंग वाजायला लागतं. वीस मिनिटं थांबा, दिव्यांची पिनही काढून ठेवा. मे महिन्यात तर घाई करूच नका.

दुसरा धोका परत येताना. बहुतेक घरच्या कारची पुढची चाकं गाडी ओढतात. मागे ट्रेलरचा भार आला की पुढची चाकं हलकी पडतात, ओल्या उतारावर जागेवरच फिरतात आणि क्लच जळतो. म्हणून कार वर कोरड्यावर ठेवा आणि ट्रेलर १५ मीटरच्या दोराने वर घ्या, चाकांना लाकडी पाचर लावत.

छतावर

छोट्या गाड्यांच्या छताला कॅरिअरसकट ५० ते ७५ किलोच झेपतं. त्यामुळे इथे छोटी, चाळीसेक किलोची नाव किंवा हवेची (फुगवायची) नाव हीच निवड. उलटी ठेवा आणि पुढून-मागून वेगळे दोर बांधा. लांबी गाडीच्या आत राहील हे पाहा. हवेची नाव डिक्कीत मावते, तेव्हा दोघांच्या मासेमारीला आम्ही आधी तिच्याकडेच बोट दाखवू.

पिकअप किंवा ट्रॅक्टर

वर्षातून तीन-चार फेऱ्यांसाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते. पण छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांचा. बारा फुटी नाव पाच फूट बाहेर येते, आणि मर्यादेबाहेर आलेल्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे. मोठा हौदा असलेली गाडी ठरवा.

ट्रॅक्टर सावकाश जातो, लांबच्या अंतराला कंटाळवाणा. पण उन्हाळ्यात पाणी मागे हटून गाळपेरीची जमीन उघडी पडते तेव्हा त्याला तोड नाही. आधी त्या जमिनीवर चालून पाहा. टाच घोट्यापर्यंत रुतली तर कार तिथे नेऊच नका. पाळीवरून (बांधावरून) उतरणाऱ्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या वाटांनाही हेच लागू.

दोन्हींचा मेळ घालता येतो: गावापर्यंत कार, पुढे गावातला ट्रॅक्टर. त्याच्या मागच्या भोकांच्या पट्टीत पिन असते, ती तुमच्या जोडणीत बसत नाही. म्हणून त्या पट्टीवर बसवायला ५० मिलिमीटरचा जादा गोळा आणि त्याच्या मापाचा पाना ट्रेलरच्या पेटीतच ठेवा.