बॉक्स झकास, पण कार्डाचं टाइमटेबल आपल्याकडचं न्हाई

ऑनलाइन मागवला मासे पकडायच्या गळाच्या १२ नकली मेफ्लायचा (मेफ्लाय म्हणजे पाण्यातनं निघणारा एक पंखवाला किडा) बॉक्स, सोबत खरे किडे ओळखायचं कार्ड. माशा लई भारी बांधल्यात, १४ नंबरच्या हुकवर पंख शिडासारखे सरळ उभे, शेपटीचे तीन केस पण वेगवेगळे दिसतात. खऱ्या मेफ्लायला शेपट्या दोन नायतर तीन, आणि पंख पाठीवर छपरासारखे पडले असतील तर ती कॅडिस, म्हणजे दुसराच पाणकिडा, हे कार्डावर चित्रासकट दिलंय. धुरकट पंखांची मेफ्लाय म्हणजे नुकतीच पाण्यातनं निघालेली, ती परत एकदा कात टाकते मग पंख काचेसारखे होतात, पंख फुटल्यावर कात टाकणारा हा एकच किडा बरं का.

घोळ पुढं आहे. माशी पाण्यातनं कधी निघणार, म्हणजे मासे कधी गळाला लागणार, ते एप्रिल, मे असं छापलंय, ते थंड देशातलं, तिकडं बऱ्याच जाती पाणी १० डिग्रीच्या आसपास गेलं की निघतात, आपल्या भोगावती नदीला तेवढं गार पाणी कुणी बघितलंय? दोन रविवार कार्डावर विसंबून बसलो आणि नुसती मिसळ खाऊन घरी. शेवटी पाण्यातले दगड उलटून बघितले, पंखांच्या जागी काळे पडलेले पिल्लू-किडे दिसले म्हणजे आता निघणारच, तेव्हा कुठं अंधार पडता पडता दोन मासे लागले. बॉक्सला चार स्टार, कार्डाला दीड.