६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ की .३०८? परदेशी शिकारीला निघालेल्या गोमंतकीयांसाठी

गोव्यातच काय, साऱ्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. सत्तरी-सांग्याची पारध आता ऐकण्यापुरतीच उरली. मात्र नामिबिया किंवा न्यूझीलंडला रीतसर परवान्यावर जायचे ठरले, की तिथला कॅम्पवाला विचारतो: भाड्याची रायफल कोणत्या काडतुसाची हवी? बहुतेक वेळा निवड ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ आणि .३०८ या तीन काडतुसांतच होते.

तिन्ही जवळची आहेत. .३०८ विंचेस्टर १९५२ चे. त्याच्याच टरफलाची (दारू भरलेल्या पितळी नळीची) मान आवळून १९८० मध्ये ७ एमएम-०८ रेमिंग्टन आले. ६.५ क्रीडमूर हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये आणले. त्याचे टरफल किंचित आखूड असल्याने लांब, निमुळती गोळी आत फार न दाबता बसते, आणि तशी गोळी हवा कापत जाते. त्याचा सगळा नावलौकिक यावरच उभा आहे.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून हॉर्नडीचीच ईएलडी-एक्स नावाची शिकारीची गोळी तिन्हींत धरली आहे. रायफल २०० मीटरवर झीरो केलेली (म्हणजे तिथे नेमाच्या जागीच गोळी लागेल अशी जुळवलेली), हवा समुद्रसपाटीची, आडवा वारा ताशी १६ किमी. ४०० मीटरवरचे आकडे हिशेबाने काढलेले, म्हणून 'सुमारे' समजा.

| | ६.५ क्रीडमूर | ७ एमएम-०८ | .३०८ |
|---|---|---|---|
| गोळीचे वजन (ग्रेन; १ ग्रेन = सुमारे ०.०६५ ग्रॅम) | १४३ | १५० | १७८ |
| नळीच्या तोंडाशी वेग (मी/से) | ८२३ | ८४४ | ७९२ |
| ४०० मीटरवर घट, म्हणजे गोळी खाली पडणे (सेंमी) | ७० | ६७ | ७८ |
| वाऱ्याने सरकणे (सेंमी) | २८ | ३० | ३४ |
| ४०० मीटरवर ऊर्जा (जूल) | १९०० | २०३० | २०४० |
| ३.६ किलोच्या रायफलीचा धक्का (जूल) | १८ | २१ | २४ |

घटीतल्या फरकाची चिंता करू नका. अंतर रेंजफाइंडरने मोजता येते आणि दुर्बिणीच्या बुरजावर (नेम वर-खाली करणाऱ्या चकतीवर) तेवढे क्लिक देता येतात. वारा मात्र मोजून मिळत नाही. तो १६ ऐवजी २४ किमीचा निघाला तर .३०८ ची गोळी धरलेल्या जागेपासून आणखी सुमारे १७ सेंमी सरकते, ६.५ ची १४. या तीन सेंमींसाठी काडतूस निवडण्यात अर्थ नाही. स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावराची मर्मजागा जेमतेम १५ सेंमीची, म्हणजे एवढ्या चुकीने दोन्ही गोळ्या जनावर जखमी करून सोडणार. म्हणून नवख्याने कोणत्याही काडतुसाने २५० मीटरपलीकडे बार टाकू नये.

तक्त्यातली खरी महत्त्वाची ओळ धक्क्याची आहे. आपल्याकडे सराव होतो तो बहुतेक एअर रायफल किंवा .२२ वर, ज्यांना धक्का असा नसतोच. .३०८ चे पाच-सहा बार झाले की खांदा आखडतो, डोळे मिटतात, चाप ओढण्याऐवजी झटकला जातो आणि गोळी खाली जाते. उपाय साधा आहे: पहिल्या दिवशी रेंजवर साथीदाराने न सांगता मधूनच स्नॅप कॅप (न उडणारे नकली काडतूस) भरावी. बार न होताही नळी हलली, तर दोष हाताचा. सायलेन्सर मिळत असेल तर जरूर घ्या, पण तो लावल्यावर झीरो पुन्हा तपासा, कारण नळीच्या टोकाला वजन आले की गोळीची जागा बदलते.

आता देश. नामिबियात शिकारीसाठी किमान ७ मिमी कॅलिबर (गोळीचा व्यास) लागते आणि ओरिक्स, कुडू यांसारख्या मोठ्या हरणांसाठी नळीच्या तोंडाशी किमान २७०० जूल ऊर्जा. ६.५ क्रीडमूर ऊर्जेत बसते, व्यासात नाही, म्हणून तिथे ते बादच. उरलेल्या दोघांत कागदावर ७ एमएम-०८ सरस: धक्का कमी, मार्ग सपाट. तरीही नामिबियासाठी .३०८ च घ्या. ते काडतूस लहान गावातल्या दुकानातही सापडते, ७ एमएम-०८ चे शोधत बसावे लागते. फक्त नळीचा पीळ (गोळी फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) विचारा: जुन्या .३०८ मध्ये १:१२, म्हणजे १२ इंचांत एक फेरा असतो, १७८ ग्रेनला १:१० हवा. १:१२ असेल तर १५० किंवा १६५ ग्रेनची गोळी मागा. ओरिक्सचे काळीज खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असते. पायाच्या रेषेत वर जाऊन छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. विंडहुक सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, गोळी वरच्या आकड्यांपेक्षा कमी पडते, म्हणून इथून पाठ करून नेलेला तक्ता तिथे चालणार नाही.

न्यूझीलंडमध्ये लाल हरीण किंवा डोंगरातला थार (एक रानबकरा) असेल तर मी ६.५ क्रीडमूर म्हणेन. दिवसभर चढायचे, मग एखादाच बार, तोही दरीच्या वाऱ्यात पलीकडच्या उतारावर. हलकी रायफल आणि सौम्य धक्का तिथे कामी येतो. शिशाऐवजी अखंड तांब्याची गोळी घेणार असाल तर खोक्यावरचा किमान वेग वाचा. अशा बऱ्याच गोळ्यांना जनावरात शिरल्यावर फुलायला ५५० ते ६०० मी/से लागतात. ४०० मीटरवर ६.५ चा वेग सुमारे ६४० उरतो, .३०८ चा ५९५.

एका कॅम्पवर ७ एमएम-०८ आणि .३०८ दोन्ही असतील तर काडतुसे वेगवेगळ्या खिशांत ठेवा आणि भरण्यापूर्वी बुडाचा शिक्का वाचा. ७ एमएम-०८ चे काडतूस .३०८ च्या चेंबरमध्ये शिरते आणि उडतेही. गोळी नळीपेक्षा बारीक असल्याने नेम जातो आणि टरफल फाटू शकते.

परतताना जॅकेटचा प्रत्येक खिसा आणि बॅगेचे अस्तर उलटून पाहा. दाबोळी किंवा मोपाच्या तपासणीत एक जिवंत काडतूस निघाले तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.