पहिलं डबल पेडल घेताना डावी बाजू आधी बघा

ड्रम सेटसाठी डबल पेडल, म्हणजे एकाच बेस ड्रमवर (जमिनीवरच्या मोठ्या ढोलावर) दोन्ही पायांनी ठोके मारायचं यंत्र, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण परीक्षा उजव्या पायाची घेतात. पेडल जमिनीवर ठेवायचं, उजवा पाय टाकायचा, चार-दोन वेळा बीटर, म्हणजे ड्रमवर आदळणारा दांडा, आपटायचा, ‘वा, हलकं आहे’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण उजव्या पायाखाली असतं ते साधं सिंगल पेडलच. लुडविग या ड्रम कंपनीनं १९०९ साली आपलं पेडल बाजारात आणलं तेव्हापासून हे यंत्र घासूनपुसून इतकं सुधारलंय की नावाजलेल्या कंपनीचं स्वस्तातलं मॉडेलसुद्धा उजवीकडे सहसा निराश करत नाही. डबल पेडलचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते डाव्या बाजूसाठी. म्हणून खाली जी काही तुलना केली आहे, ती डाव्या पायाच्या नजरेतून.

आधी पर्यायांचं बघू. डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी बेस ड्रम, वाजवायला दोन बेस ड्रम हा जुना रस्ता. जॅझ ड्रमर लुई बेल्सननं १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याची कल्पना मांडली आणि साठच्या दशकात जिंजर बेकर, कीथ मून या ड्रमरनी तो रॉकच्या मंचावर आणला. दोन्ही पायांना अगदी सारखा फील मिळतो, हे त्याचं मोठं सुख. पण जागा दुप्पट, वाहतूक दुप्पट, आणि दोन ड्रम एकाच सुरात लावून ठेवण्याची कटकट कायमची. डबल पेडलमध्ये दोन्ही बीटर एकाच कातड्यावर पडतात, त्यामुळे आवाज आपोआप जुळतो. पहिल्या खरेदीसाठी हा वाद मला तरी संपलेला वाटतो.

दुसरा पर्याय म्हणजे काहीच न घेणं. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बोनमच्या किकचे (बेस ड्रमच्या ठोक्यांचे) ते प्रसिद्ध ट्रिपलेट, म्हणजे तीन-तीन ठोक्यांचे गट, सिंगल पेडलवर, एका पायानं वाजलेले आहेत. तुमच्या गाण्यांमध्ये मधूनच दोन-तीन जलद ठोके एवढीच गरज असेल, तर आधी उजव्या पायाचे डबल, म्हणजे लागोपाठचे दोन ठोके, बसवा. सलग सोळांश (एका मात्रेत चार ठोके) वाजवायचे असतील, तर मात्र डबल पेडलला पर्याय नाही.

डाव्या बाजूला नेमकं काय घडतं?

डावा पाय फूटबोर्ड (पाय ठेवायची पट्टी) दाबतो, चेन कॅमला, म्हणजे ती ज्यावरून जाते त्या चाकाला, ओढते, कॅम एक आडवा शाफ्ट फिरवतो आणि तो शाफ्ट मुख्य पेडलवरचा डावा बीटर फिरवतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे तिरक्या कोनातूनही फिरणं पुढे पोचवणारे सांधे, असतात. हे सांधेच डबल पेडलचं सगळं सुखदुःख ठरवतात. शाफ्ट तिरका बसला की सांधा फिरताना कुठे थोडा पुढे पळतो, कुठे थोडा रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची गडबड दुसरा भरून काढतो. कोन वेगवेगळे झाले, तर डावा पाय जड वाटायला लागतो आणि ‘माझा डावा पायच कच्चा आहे’ असं म्हणून आपण त्यालाच बोल लावतो.

आता हिशेब करा. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला २०० वर ठेवून सोळांश वाजवायचे म्हणजे सेकंदाला तेरापेक्षा जास्त ठोके. त्यातले निम्मे, म्हणजे सेकंदाला सहा-सात, या दोन सांध्यांमधून जाणार. सांध्यात किंचित जरी खेळ असला, म्हणजे सांधा आतल्या आत डुगडुगत असला, तर प्रत्येक ठोक्याला तेवढा उशीर होतो. हळू लयीत तो जाणवत नाही. वेग वाढला की डावा ठोका उजव्याच्या अंगावर येऊन पडतो.

पेडल नवं असो वा जुनं, ही तपासणी कराच. आधी ड्रम कीनं (ड्रमचे स्क्रू फिरवायच्या किल्लीनं) शाफ्टवरचे सगळे स्क्रू घट्ट करा, नाहीतर सैल स्क्रूचा दोष सांध्याच्या माथी जाईल. मग डाव्या पेडलचा कॅम एका हातानं घट्ट धरा, हलू देऊ नका. दुसऱ्या हातानं डाव्या बीटरचं डोकं दोन बोटांत पकडून पुढे-मागे करा. डोकं जेमतेम हललं तर पेडल चांगलं. हलताना ‘टक टक’ असा सुटा आवाज आला आणि डोकं बोटभर सरकलं, तर ते पेडल तिथेच ठेवा, मग फूटबोर्डवर कितीही देखणा नाग किंवा राक्षस कोरलेला असो.

चेन की डायरेक्ट ड्राइव्ह?

सगळ्यात जास्त भांडणं याच मुद्द्यावर होतात. चेनमध्ये फूटबोर्ड आणि बीटर यांच्यात लवचीक नातं असतं. चेन फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. पाय थोडा आधी उचलला, थोडा उशिरा उचलला, तरी बीटर स्प्रिंगच्या जोरावर आपल्या वाटेनं परत येतो. ही ढील नवशिक्याला सांभाळून घेते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये चेनच्या जागी धातूचा दांडा असतो. फूटबोर्ड आणि बीटर दोन्ही दिशांना एकत्रच हलतात, त्यामुळे पायानं केलेली प्रत्येक गोष्ट बीटरपर्यंत पोचते, चुकासुद्धा. ॲक्सिस, ट्रिक प्रो१-व्ही, पर्लचं डीमन ड्राइव्ह ही या जातीतली गाजलेली नावं. अतिजलद मेटल वाजवणाऱ्यांत, विशेषतः हील-टो (टाच आणि चवडा आळीपाळीनं दाबायचं तंत्र) वापरणाऱ्यांत, यांचे चाहते भरपूर.

‘डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे नवं तंत्रज्ञान, म्हणजे जास्त वेग’ हा समज मात्र सोडून द्या. लुडविगचं जुनं स्पीड किंग याच तत्त्वावर चालायचं आणि बोनम तेच वापरायचा. उलट चेनवर आयुष्य काढलेले अतिवेगवान ड्रमर पुष्कळ आहेत. वेग घोट्यातून येतो. यंत्र तो फक्त अडवू शकतं किंवा जाऊ देऊ शकतं.

माझा कौल पहिल्या पेडलसाठी चेनला. डायरेक्ट ड्राइव्हची महागडी मॉडेल सुंदर असतात, पण त्यांची खरी किंमत बेअरिंग आणि सांध्यांच्या बारीक कामात असते. स्वस्त डायरेक्ट ड्राइव्हमध्ये नेमकं तिथेच हात आखडता घेतलेला असू शकतो, आणि लवचीकपणा नसल्यामुळे तो दोष लपतही नाही. तेवढ्याच पैशात चेनचं बरंच चांगलं पेडल येतं. सिंगल चेन की डबल चेन यावर फार डोकं चालवू नका. डबल चेननं आडवं डुलणं कमी होतं, बाकी वेगाचा त्याच्याशी संबंध नाही.

कॅम आणि चार-पाच नावं

चेन ज्या चाकावरून जाते, त्याचा आकार फील ठरवतो. गोल कॅमवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जोर लागतो. लंबगोल किंवा केंद्र सरकवलेल्या कॅमवर बीटर कातड्याजवळ जाताना वेग घेतो, म्हणजे ठोका दणदणीत होतो. डीडब्ल्यू या कंपनीच्या भाषेत गोल म्हणजे टर्बो आणि दुसरा ॲक्सिलरेटर. टामा कंपनीच्या भाषेत गोल म्हणजे रोलिंग ग्लाइड आणि दुसरा पॉवर ग्लाइड.

डाव्या पायाला अजून ताकदीचा अंदाज नसतो, त्यामुळे मी गोल कॅमनं सुरुवात करायला सांगेन. पॉवरवाला कॅम उजव्या तयार पायाखाली झकास वाटतो, पण डावा पाय अर्धवट जोर लावतो तेव्हा ठोके कमी-जास्त पडायला लागतात.

या दृष्टीनं टामाच्या आयर्न कोब्रा मालिकेत एक स्पष्ट पायरी दिसते. २०० हे खालचं मॉडेल पॉवर ग्लाइड कॅमचंच मिळतं. दणकट आहे, वर्षानुवर्षं टिकतं, पण कॅमचा प्रयोग करता येत नाही. ६०० मध्ये ड्युओ ग्लाइड कॅम आहे, म्हणजे एकाच पेडलवर दोन्ही फील बदलून बघता येतात. आपल्याला काय आवडतं हेच ज्याला अजून माहीत नाही, त्याच्यासाठी ही सोय लाखमोलाची. पैशांचा मेळ बसत असेल तर २०० आणि ६०० मध्ये मी डोळे झाकून ६०० घेईन.

डीडब्ल्यूचं ३००० हे त्याच वर्गातलं. डबल चेन आणि खाली बेसप्लेट, फार कलाकुसर नाही, पण जमिनीवर पक्कं बसतं. डीडब्ल्यू ५००० ची कीर्ती मोठी आहे आणि ती खरीही आहे. हे पेडल १९८० च्या सुमारापासून टिकून आहे, सुटे भाग मिळतात, दुरुस्ती होते. नवं घ्यायला ते पहिल्या खेपेस जड जातं. जुनं, सांधे शाबूत असलेलं ५००० समोर आलं, तर मात्र नव्या स्वस्त पेडलपेक्षा ते केव्हाही बरं.

पर्लचं डीमनेटर वेगळ्या माणसासाठी. त्याचा फूटबोर्ड लाँगबोर्ड आहे, म्हणजे टाचेच्या वेगळ्या तुकड्याऐवजी पट्टी लांबच लांब, आणि कॅमही बदलता येतो. लाँगबोर्डवर पाय मागेपुढे सरकवायला, हील-टोला आणि स्विव्हलला (टाच डावी-उजवीकडे फिरवत वाजवायला) मोकळीक मिळते. टामाचं स्पीड कोब्रा ३१० हेही लांब फूटबोर्डाचं. मोठा पाय असलेल्यांना किंवा बूट घालून वाजवणाऱ्यांना या दोन्हींवर ऐसपैस वाटतं. टाच टेकवून, हळुवार जॅझच्या अंगानं वाजवणाऱ्याला तितकं नाही. लाँगबोर्डनं वेग वाढतो का? माझ्या मते नाही, फक्त पाय ठेवायच्या जागा वाढतात.

कॅम बदलता येणाऱ्या कुठल्याही पेडलवर एक पथ्य पाळा, बदल दोन्ही बाजूंना करा. उजवीकडे एक आणि डावीकडे दुसरा कॅम ठेवून लोक महिनोन्‌महिने सराव करतात आणि दोन पाय जुळत का नाहीत म्हणून हैराण होतात.

जे दुकानात आठवत नाही

बेसप्लेट, म्हणजे पेडलखालची सपाट धातूची पाटी, दोन्ही बाजूंना हवी, खास करून डावीकडे. उजवं पेडल निदान बेस ड्रमच्या कड्याला पकडून असतं. डाव्याला धरायला काहीच नाही, ते फक्त जमिनीवर विसावलेलं. खाली नुसती तार असलेलं डावं पेडल जोरात वाजवताना सरकतं, शाफ्टचा कोन बिघडतो, आणि वर सांगितलेलं सांध्याचं दुखणं सुरू होतं. प्लेटखालचे टोकदार स्पर (जमिनीत रुतणारे खिळे) आणि चिकटपट्टीची व्यवस्थाही बघून घ्या.

हाय-हॅटचा, म्हणजे डाव्या पायानं उघडझाप करायच्या झांजांच्या जोडीचा, स्टँड तपासा. तीन पायांचा असेल तर त्यातला एक पाय बरोबर तिथे येतो जिथे डावं पेडल ठेवायचं असतं. पाय फिरवता येणारा किंवा दोन पायांचा स्टँड नसेल, तर डबल पेडलसोबत त्याचाही खर्च धरा. नाहीतर डावं पेडल इतकं बाहेर ठेवावं लागेल की शाफ्ट पूर्ण ताणला जाईल.

डाव्या पायानं किक वाजवणाऱ्यांसाठी बऱ्याच कंपन्या उलटं मॉडेल काढतात. नेहमीचं मॉडेल घेऊन उलटं बसवू म्हटलं तर बसत नाही.

इलेक्ट्रॉनिक किट असेल तर किक पॅडची (बेस ड्रमच्या जागी असलेल्या पॅडची) रुंदी आधी बघा. काही छोट्या पॅडवर दोन बीटर शेजारी मावतच नाहीत, मावले तरी कडेच्या ठोक्याला सेन्सर दाद देत नाही. दोन बीटरच्या बरोबर मधोमध पॅडचं केंद्र येईल असं पेडल सरकवून बघा. खऱ्या ड्रमवर दोन्ही बीटर केंद्राच्या थोडे आजूबाजूला पडतात, म्हणून कातड्याला दोन बीटर मावतील असा रुंद पॅच, म्हणजे कातडं वाचवणारा चिकटवायचा तुकडा, लावून घ्या. एकाच बीटरसाठीचा छोटा गोल पॅच लावलात तर डावा बीटर त्याच्या कडेवर आदळत राहील.

जुनं पेडल घेत असाल तर शाफ्टच्या स्क्रूंची डोकी झिजली आहेत का ते बघा. फूटबोर्डवरचे ओरखडे, पुसलेला लोगो, बीटरवरचा मळलेला फेल्ट यानं काही बिघडत नाही, फेल्ट तर पाच मिनिटांत बदलतो. पण स्क्रूचं डोकं गोल झालेलं असेल, तर आधीच्या मालकानं सांध्यातला खेळ बंद करायला तो पुन्हा पुन्हा आवळलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दोन बोटांत बीटर धरून हलवण्याची ती तपासणी विकणाऱ्याच्या समोरच करा, आणि भावाचं बोलणं त्यानंतर.